सहा संस्था आणि एक हातपंप

मला राग लवकर येतो, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने पिपेट तोंडाने ओढली की माझा आवाज मैदानापर्यंत जातो म्हणतात. पण तो राग वेगळा, मधल्या सुट्टीत चहा घेतला की उतरतो. ज्या रागाबद्दल लिहायला बसले आहे तो अजून उतरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो उतरू नये असंच मला वाटतं.

मी यवतमाळला रसायनशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी एका दुपारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मोठ्या आनंदाने सांगितलं की आपलं कॉलेज आता एका जाळ्यात सामील झालं आहे. मी विचारलं, "कोणी पकडलं?" ते हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची एक गुळगुळीत रंगीत पत्रिका माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर सहा संस्थांची सहा बोधचिन्हं गोलात मांडली होती आणि प्रत्येकापासून प्रत्येकाकडे बाण गेले होते. आमचं चिन्ह खालच्या अंगाला, जरा लहान. त्याखाली लिहिलं होतं, 'ज्ञान भागीदार'.

विषय मात्र अगदी खरा होता. आमच्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि उकळून जात नाही. लहान वयात असं पाणी पोटात जात राहिलं की पक्के दात येतानाच तपकिरी डाग घेऊन येतात. पुढे तेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की कंबर आणि गुडघे आखडतात. एकट्यादुकट्या संस्थेच्या हातून यावर काही होण्यासारखं नव्हतं, हे मलाही पटत होतं. लांबच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेने फ्लोराइड धरून ठेवणारी एक नवी माती तयार केली होती. नागपूरकडच्या एका तरुण कंपनीने त्या मातीवर चालणारं पाणी गाळायचं यंत्र बनवलं होतं. शेजारच्या जिल्ह्यातलं दंत महाविद्यालय मुलांचे दात तपासणार होतं, आमच्याच जिल्ह्यातली एक स्वयंसेवी संस्था गावोगाव फिरून पाण्याचे नमुने आणणार होती, आणि ते तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेचं होतं. या सगळ्यांची मोट बांधणार होतं एक मोठं फाउंडेशन. त्याचं ऑफिस मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्या संचालकबाईंचा आवाज ऑनलाइन बैठकांत इतका ऐकला की घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला वाटायचं, बाई बोलायला लागल्या.

सुरुवातीला मी हुरळून गेले होते. वर्षानुवर्षं तीच ती प्रात्यक्षिकं घेणाऱ्या बाईला कोणी सांगितलं की तुझ्या परीक्षानळीतून एका गावाचं पाणी बदलणार आहे, तर ती हुरळणारच. मला वाटलं, मातीवाल्याला जे माहीत आहे ते यंत्रवाल्याला कळेल, दातवाल्यांना दिसेल ते आम्हाला समजेल, आणि प्रत्येकाच्या खिशातलं थोडं थोडं ज्ञान एका टोपलीत पडेल. माणसं एकत्र कशाला येतात, याचा मी असा साधा अर्थ लावला होता.

यंत्र एकच होतं, पहिलंवहिलं. ते सगळ्यात जास्त गरज असेल तिथे बसवायचं, वर्षभर चालवून बघायचं, त्यातून शिकायचं आणि मग पुढची यंत्रं करायची, असं ठरलं होतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता की हे एक यंत्र कुठे जाणार.

उमरखेडकडच्या डोंगराळ भागात एक गाव आहे. गाव खाली, ओढ्याकाठी. त्याच गावाच्या नावावर मोडणारा बंजारा तांडा वर माळावर, मध्ये चांगला दमवणारा चढ. सरकारदरबारी दोन्ही मिळून एकच गाव. त्या तांड्याची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची तिथली कार्यकर्ती, माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीला माझ्या वर्गात होती, नंतर लग्न होऊन तांड्यात गेली. जाळ्याची बातमी तिच्या कानावर गेली आणि ती थोरल्या मुलीला घेऊन सरळ माझ्या घरी आली.

"मॅडम, हिचे दात पाहा."

पोरीने ओठ घट्ट मिटले. आईने पुन्हा सांगितल्यावर तिने क्षणभर दात दाखवले आणि लगेच हात तोंडावर नेला. पुढच्या दातांवर गंजल्यासारखे तपकिरी पट्टे होते. चौथीतली मुलगी. आमच्या घरी होती तेवढा वेळ ती हसली नाही. मी लाडू दिला तोही तिने हाताच्या आडून खाल्ला.

"हिचं झालं ते झालं," आशाताई म्हणाली. "पण धाकटी आता कुठं पाणी प्याले लागली. तिचे पक्के दात आतल्या आत बनूनच राह्यले ना? मी तिच्यासाठी खालच्या गावातून एक घागर आणते रोज. पण पोर हाये ते. ज्या माठात हात पुरते त्यातलं पेते. अन् उन्हाळ्यात खालचे बी एका घागरीच्या वर भरू देत नाही. मले एवढंच सांगा मॅडम, ते यंत्र आमच्याकडे येऊ शकते का?"

"आलंच पाहिजे," मी म्हटलं. "नमुने येऊ दे, तपासणी होऊ दे. सहा सहा संस्था बघायला बसल्यात. लपून राहणार आहे का काही?"

हे वाक्य मी किती ऐटीत बोलले ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

काही महिने बैठका झाल्या. बैठकांत काय व्हायचं ते सांगते. प्रत्येक संस्था आपापलं काम पडद्यावर दाखवायची आणि बाकीच्या पाच टाळ्या वाजवायच्या. आपण पाणी कुठून घेतलं, कोणी घेतलं, काय फसलं, हे कोणीच सांगायचं नाही, कारण प्रत्येकाला आपला शोधनिबंध वेगळा छापायचा होता. मी एकदा दंत महाविद्यालयाच्या डॉक्टरांना त्यांच्या नोंदी मागितल्या तर ते म्हणाले, "करारात निष्कर्ष शेअर करायचे आहेत मॅडम, माहिती नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, भाजी वाढणार आणि मीठ घातलं की नाही ते सांगणार नाही, असं झालं हे." ते समजूतदारपणे हसले. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या यायच्या त्यांवरही फक्त क्रमांक असायचा. कुठलं पाणी आहे ते तपासणाऱ्याला कळू नये, म्हणजे तपासणी निष्पक्ष होते, असं संशोधन संस्थेचं म्हणणं. शास्त्राच्या दृष्टीने ते चूकही नव्हतं. पण बाटली भरणाऱ्यालाही आपण ती कशासाठी भरतो आहोत हे कळत नसेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मग यवतमाळला एका हॉटेलच्या हॉलमध्ये निर्णयाची बैठक झाली. फाउंडेशनच्या संचालकबाई विमानाने नागपूरला आणि तिथून गाडीने आल्या होत्या. आशाताईलाही बोलावलं होतं. तिच्या गळ्यात 'समुदाय प्रतिनिधी' असं कार्ड अडकवून तिला मागच्या रांगेत बसवलं होतं. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा आला. वाईट पाण्याच्या गावांवर लाल ठिपके, चांगल्यांवर हिरवे. आशाताईच्या गावावर हिरवा ठिपका होता आणि त्याभोवती आणखी हिरवी वर्तुळं.

"हे बघा किती सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "या गावात आपल्या पाच भागीदारांनी स्वतंत्रपणे काम केलं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं. जाळ्याची ताकद म्हणतात ती हीच."

टाळ्या झाल्या. मी मागे वळून पाहिलं. आशाताई टाळ्या वाजवत नव्हती.

मी उभी राहिले. म्हटलं, "मला एक साधी गोष्ट विचारायची आहे. प्रत्येकाने पाणी नेमकं कुठून घेतलं?"

हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. मग संशोधन संस्थेचा माणूस म्हणाला, गावातल्या हातपंपाचं. कुठला हातपंप? शाळेसमोरचा. तिथे मोठं कडुनिंबाचं झाड आहे, त्याखाली गाडी लावता येते. यंत्रवाल्या कंपनीचा मुलगा मान हलवत होता. त्यानेही तिथलंच घेतलं होतं. दंत महाविद्यालयाचे डॉक्टर शाळेत दात तपासायला गेले होते, पंप समोरच, त्यांनीही तिथलंच भरून घेतलं. आणि फाउंडेशनच्या सल्लागाराने आपल्या खिशातल्या यंत्राने जे पाणी तपासलं तेही त्याच पंपाचं. चार संस्था वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गाड्यांनी जाऊन एकाच झाडाच्या सावलीत उतरल्या होत्या. एकाही गाडीने तो चढ चढला नव्हता.

मला वाटलं, आता तरी कोणी ओशाळेल. संचालकबाई म्हणाल्या, "पण मॅडम, याचा चांगला भाग बघा ना. एकाच पंपाचं चारही पद्धतींनी तेच उत्तर आलं, म्हणजे आपल्या चारही पद्धती भरवशाच्या आहेत!"

पुन्हा टाळ्या. मी संतापून पुन्हा बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंसेवी संस्थेचे प्रमुख उभे राहिले. सज्जन माणूस, आवाज चढवून न बोलणारा. म्हणाले, "मॅडम, आमच्या मुलांनी तांड्यावरूनही बाटल्या आणल्या होत्या. त्या तुमच्याच लॅबमध्ये आल्या. पाणी चांगलं आहे असं तुम्हीच कळवलं होतं." त्यांनी क्रमांक वाचून दाखवले आणि मी खाली बसले. तपासणी माझी होती, मी स्वतःच्या हाताने केली होती आणि ती बरोबर होती. त्या बाटल्यांतलं पाणी खरोखरच चांगलं होतं.

यंत्र बाभुळगावच्या बाजूला, हमरस्त्यालगतच्या एका गावात बसवायचं ठरलं. तिथलं पाणीही काही फार चांगलं नव्हतं, हे मान्य करते. पण निवडीचं जे दुसरं कारण दिलं गेलं ते असं, की तिथे पाहुण्यांना यायला-जायला सोपं आहे.

जेवणाच्या रांगेत आशाताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "मॅडम, पाणी चांगलं हाये तं मंग पोरीचे दात कायनं खराब झाले?"

ताटात वाढलेलं पनीर तसंच ठेवून मी निघून आले.

पुढच्या सुट्टीला मी उमरखेडची एस. टी. पकडली. तिथून ऑटोने खालचं गाव आणि तिथून आशाताईच्या स्कूटीवर मागे बसून तो चढ. वर पोहोचलो तोवर माझी कंबर बोलायला लागली होती. तिच्या घरी तिची सासू ओट्यावर बसली होती. वाकलेली, हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणारी. तरी मला पाहून उठली, सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. बाज टाकली, बाजेवर नवी चादर आली. धाकटी पोर माझ्या पर्सची चेन उघडझाक करत बसली.

चहा आला. छान सोनेरी रंगाचा, वाफाळता. मी एक घोट घेतला आणि थांबले. ज्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं ते पाणी बरेचदा खारवट असतं, अशा पाण्यात चहा काळपट होतो. हे पुस्तकात नसतं, पण रसायनशास्त्रवाल्याला कळायला हवं. आईला तांड्यात याडी म्हणतात, तशी हाक मारून मी आजीबाईंना विचारलं, "याडी, चहा कुठल्या पाण्याचा?"

"खालच्या पंपाचा," त्या म्हणाल्या. जणू हे काय विचारणं झालं! "आमच्या बोअरच्या पाण्यानं चहा काळा पडते, भात पिवळा होते. पाहुण्याले ते पाणी कसं देता बाई? पाहुण्यासाठी अलग घागर असते आमच्याकडं. समद्या तांड्यात असते."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, "आणि त्या बाटल्या? संस्थेची मुलं देऊन गेली होती त्या?"

"हाव ना. ते पोरं आले, म्हने पाणी भरून ठेवा, उद्या नेतो, मोठ्या साहेबाईकडं जाते. मंग काय, पोरीले खाली पाठवलं पंपावर. चांगलं फडक्यानं गाळून भरलं. एक बाटली मी सोता धुतली."

आशाताई चुलीपाशीच उभी होती. ती म्हणाली, "मी तवा ट्रेनिंगले गेलती उमरखेडले." आणि मग तिथेच खाली बसली. सासूवर ती एक शब्द बोलली नाही. बोलणार तरी काय? म्हातारीने घरातलं सगळ्यात चांगलं पाणी, चढ चढवून आणलेलं, गाळून, धुतलेल्या बाटलीत घालून मोठ्या माणसांसाठी पाठवलं होतं. आपण काय करून बसलो हे तिला अजूनही कळलेलं नव्हतं. ती मला म्हणत होती, "काहून, चांगलं नोहतं का ते पाणी?"

"फार चांगलं होतं," मी म्हटलं.

माझा राग तिच्यावर नव्हता, हे सांगायलाही नको. राग येत होता तो त्या रंगीत पत्रिकेवरच्या बाणांचा. सहा संस्था होत्या. त्यात मातीचा जाणकार होता, यंत्राचा होता, दातांचा होता, पाण्याचा होता, आणि या सगळ्यांना जोडण्याचा खास जाणकारही होता. पण तांड्यावर जाऊन, बाजेवर दहा मिनिटं टेकून, 'आजी, आम्हाला तुमचं खराब पाणीच हवंय, आम्ही त्याच्यासाठीच आलोय' एवढं एक वाक्य बोलायचं काम सहांपैकी कोणाकडेच नव्हतं. मी नंतर चौकशी केली. स्वयंसेवी संस्थेकडे फक्त नमुने आणायचं काम होतं. लोकांना समजावून सांगणं म्हणजे 'जनजागृती', आणि जनजागृती होती पुढच्या टप्प्यात, दुसऱ्या भागीदाराकडे. म्हणजे आधी बाटल्या भरायच्या आणि त्या कशासाठी भरल्या ते नंतर सांगायचं. हे असं नियोजन एका माणसाने एकट्याने केलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सहा संस्थांनी मिळून केलं की त्याला आराखडा म्हणतात.

मी बोअरवर गेले, स्वतः हापसून बाटल्या भरल्या आणि यवतमाळला आणल्या. प्रयोगशाळेत आम्ही पाण्यात एक लाल रंग घालतो. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो रंग उडतो. रंग माझ्या डोळ्यांदेखत उडाला, पिवळट झाला. मी दुसऱ्या बाटलीचं पाणी घेतलं, त्यातही रंग उडाला. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला मी नुसती नळी दाखवली. तो म्हणाला, "बाप रे, हे कोण पितंय?"

त्याच दिवशी मी सगळ्यांना कळवलं. मला वाटलं होतं, फोन खणखणतील. कोणाचाच आला नाही. बऱ्याच दिवसांनी एक ऑनलाइन बैठक लागली. संशोधन संस्थेचं म्हणणं, मॅडमनी घेतलेले नमुने ठरलेल्या पद्धतीबाहेरचे आहेत. नमुने आणायचा अधिकार दुसऱ्या भागीदाराचा आहे, तपासणाऱ्यानेच नमुने आणले तर निष्पक्षपणा कुठे राहिला? कंपनीच्या मुलाने सांगितलं, यंत्र निघालं आहे, पाया खणून झाला आहे. स्वयंसेवी संस्थेचे प्रमुख खूप हळहळले, पण अहवाल आता पुढे गेला आहे म्हणाले. आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडमच्या भावना आम्ही समजू शकतो." मी म्हटलं, "सर, या भावना नाहीत, हे फ्लोराइड आहे." तर कोणीतरी माझा माइक बंद केला.

आणि मग संचालकबाई बोलल्या. त्यांचा आवाज खरोखरच उत्साहाने भरला होता. त्या म्हणाल्या, ही तर फार मोलाची शिकवण आहे! बाहेरच्या माणसाला चांगलंच पाणी देण्याची रीत नमुने गोळा करण्यात कशी आडवी येते, यावर देशात कोणी काम केलेलं नाही. यावर आपण सगळ्यांनी मिळून एक निबंध लिहू या. एक छोटी फिल्म करू या. कंपनीने यातून एक नवी बाटली तयार करावी, जिच्यावर चित्रं असतील, म्हणजे निरक्षर बाईलाही कळेल कुठलं पाणी भरायचं. सगळ्यांच्या माना हलल्या. थोड्याच वेळात निबंधावर नावं कोणत्या क्रमाने यायची याची चर्चा रंगली. त्यात कोणालाही शंका नव्हती, कोणी हात झटकले नाहीत, सगळे कसे पुढे सरसावले. आजीबाईंच्या पाहुणचाराचं नाव पडलं 'सांस्कृतिक अडथळा'.

मी माइक उघडून विचारलं, "आणि यंत्र?"

"त्याचा विचार पुढच्या टप्प्यात नक्की करू," बाई म्हणाल्या.

फिल्मसाठी मात्र सगळे आले. तांड्याच्या चढावर पहिल्यांदाच गाड्यांची रांग लागली. उन्हाळा होता, ओढा कोरडा पडला होता. संचालकबाई, संशोधन संस्थेचा माणूस, कंपनीचा मुलगा, डॉक्टर, स्वयंसेवी संस्थेचे प्रमुख आणि आमचे प्राचार्य, झाडून सगळे. मीही गेले, कारण आशाताईने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "मॅडम, तुमी या." आजीबाईंना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांनी ती बाटली कशी धुतली, पाणी कसं गाळलं, हे पुन्हा करून दाखवलं. दिग्दर्शकाला ते दोन-तीनदा हवं होतं. त्यांनी न कुरकुरता केलं.

मग सगळे मांडवाखाली सतरंजीवर बसले. आशाताई घरातून ट्रे घेऊन आली, स्टीलचे ग्लास, काठोकाठ भरलेले. तिने प्रत्येकापुढे एकेक ग्लास ठेवला आणि मध्ये उभी राहून म्हणाली, "आता आमाले समजलं. हे आमच्या बोअरचं पाणी हाये. घ्या."

पाहुण्यांपैकी कोणीही घोट घेतला नाही. संचालकबाईंनी आपल्या झोळीतली सीलबंद बाटली थोपटली, "आत्ताच घेतलं, खरंच." डॉक्टरांना तहान नव्हती. कंपनीचा मुलगा मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. प्राचार्यांनी ग्लास हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. एका ग्लासने कोणाला काही होत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. निबंधांतून त्यांनीच ते लिहिलं होतं. मी माझा ग्लास उचलला आणि प्यायले. खारवट, जिभेवर रेंगाळणारी चव.

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "बघा, ना यंत्र लागलं, ना लाल रंग, ना करार. आज पहिल्यांदा सहा संस्थांनी तांड्याचं पाणी तपासलं आणि सहाही जणांचं एकमत झालं. हे लिहा निबंधात."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. आजीबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, पाहुण्यांचं काय चुकलं की आपलं, ते त्यांना समजत नव्हतं. गाड्या लवकरच निघाल्या, पुढे बाभुळगावच्या बाजूला यंत्र बघायला जायचं होतं.

आशाताईने भरलेले ग्लास पुन्हा ट्रेमध्ये ठेवले आणि आत नेले. उन्हाळ्यात तांड्यात पाणी कोणी फेकत नाही. तिने ते एकेक करून माठात परत ओतले. धाकटी माठाला टेकून उभी होती. शेवटचा ग्लास ओतायच्या आधी तिने दोन्ही हात वर केले, आईला काही कळायच्या आत ग्लास ओढून घेतला आणि गटागटा पिऊन टाकला.